पाण्याची गोळी, पित्ताची गोळी

१९८९ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओमेप्रॅझोलला परवानगी दिली. शोध स्वीडनच्या ॲस्ट्रा कंपनीचा, अमेरिकेत विकणारी कंपनी मर्क, आणि नाव युरोपात रुळलेलं तेच : लोसेक. जठरातलं आम्ल कमी करण्यात त्याच्या तोडीचं दुसरं औषध तेव्हा नव्हतं. तरी १९९० मध्येच ते नाव अमेरिकेतून गेलं आणि प्रायलोसेक आलं. औषधात खोट नव्हती. डॉक्टरांनी घाईत लिहिलेलं ‘लोसेक’ दुकानात ‘लॅसिक्स’ असं वाचलं जात होतं, आणि ‘लॅसिक्स’चं ‘लोसेक’. लॅसिक्स म्हणजे फुरोसेमाइड. लघवी वाढवून अंगात साठलेलं पाणी काढणारी गोळी. छातीत जळजळतं म्हणून गेलेला माणूस सकाळभर लघवीला पळणार, आणि सुजलेले पाय घेऊन आलेल्याची सूज तशीच राहून पोट तेवढं थंड होणार, असा तो प्रकार.

मी मिरजेत औषधांच्या दुकानात आयुष्य काढलं. डी. फार्म. होऊन, लग्न करून आले ती थेट सासऱ्यांच्या काउंटरमागे उभी राहिले. मिरज दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे मिशनचं इस्पितळ उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येताहेत. काउंटरवर आलेला माणूस औषधाचं नाव सहसा घेत नाही. “वहिनी, बाबांची पाण्याची गोळी द्या की.” “ती पित्ताची, दाणे असतात बघा आत, ती.” लोकांच्या या नावांत औषध कशासाठी आहे ते आलेलं असतं. चिठ्ठीवरच्या नावात ते नसतं, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो, असं माझं मत आहे. या दोन गोळ्यांचा इतिहास वाचला तेव्हा ते पक्कं झालं.

अंगात पाणी साठण्याचा रोग जुना. आपल्याकडे जलोदर म्हणत, शोथ म्हणत. घेटुळी म्हणजे पुनर्नवा आणि गोखरू ही त्यावरची घरोघरची औषधं. युरोपात डिजिटॅलिसची पानं होती. विल्यम विदरिंगने त्यावरचं पुस्तक १७८५ मध्ये काढलं. कशानेच भागलं नाही तर पायाच्या कातडीत बारीक नळ्या खुपसून पाणी निथळून काढत. पारा पोटात दिला की लघवी वाढते हेही ठाऊक होतं, पण पाऱ्याने माणूस बरा होण्याआधी त्याच्या हिरड्या जात.

मग १९१९ चा ऑक्टोबर. व्हिएन्नातलं प्राध्यापक वेंकेबाख यांचं रुग्णालय, आणि तिथे काम करणारा आल्फ्रेड फोग्ल नावाचा वैद्यकीचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. जन्मजात उपदंश असलेल्या एका तरुण मुलीला द्यायला त्याने पाऱ्याच्या एका क्षाराचं पाण्यातलं द्रावण लिहून पाठवलं. औषधशाळेने चिठ्ठी परत पाठवली : हा क्षार पाण्यात विरघळत नाही. (हा भाग मला सगळ्यांत आवडतो. चिठ्ठी परत पाठवणाऱ्याचं नाव इतिहासात नाही.) फोग्ल हात चोळत बसला असता, पण एका सहकाऱ्याजवळ नोव्हासुरोल नावाच्या नव्या पाऱ्याच्या इंजेक्शनचा नमुना पडून होता, तो त्याने दिला. इंजेक्शन उपदंशासाठी होतं. त्या मुलीच्या अंगावर सूज नव्हती, लघवी मोजायचं खरं तर काही कारणही नव्हतं. पण त्या वॉर्डातल्या परिचारिका रोजच्या रोज प्रत्येकाची लघवी मापाने मोजून तक्त्यावर चढवत आणि त्या तक्त्यांचा त्यांना अभिमान होता. इंजेक्शनच्या दिवशी मुलीच्या तक्त्यावरची रेघ एकदम वर गेली. इंजेक्शन थांबलं, रेघ खाली आली. पुन्हा दिलं, पुन्हा वर. मग हृदय थकून अंगभर सुजलेल्या एका रुग्णाला ते देऊन पाहिलं, तर त्याच्या अंगातून लिटरच्या लिटर पाणी निघालं.

पुढे तीसेक वर्षं पाऱ्याची इंजेक्शनंच सुजेचं मुख्य औषध होती. आमच्या सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या जुन्या खतावणीत मर्सालिलच्या काचेच्या अँप्यूलची नोंद मी स्वतः पाहिली आहे, शाईने लिहिलेली, आणि पुढे कंसात त्यांच्या वळणदार मोडीत ‘सुजेचे’.

पाऱ्याला सुट्टी मिळाली ती सल्फाच्या गोळ्यांमुळे, आणि तीही आडवाटेने. सल्फानिलामाइड हे जंतूंवरचं औषध, पण ते घेणाऱ्यांच्या रक्तात आम्ल वाढतं आणि लघवी अल्कधर्मी होते हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. १९४० मध्ये मान आणि कायलिन यांनी कारण सापडवलं : हे औषध कार्बोनिक ॲनहायड्रेज नावाच्या एंझाइमला अडवतं. १९४९ मध्ये बॉस्टनच्या विल्यम श्वार्ट्झ यांनी तेच औषध सुजलेल्या हृदयरुग्णांना मुद्दाम दिलं. सूज उतरली, पण या कामाला ते दीर्घकाळ देण्याजोगं नव्हतं, विषारी फार. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूचे सुटे भाग करून फेरजुळणी सुरू केली. त्यातून डायमॉक्स निघालं. मर्कच्या कार्ल बायर आणि त्यांच्या मंडळींच्या हातून क्लोरोथायाझाइड निघालं, ते १९५८ मध्ये डाययुरिल या नावाने बाजारात आलं. आणि जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ होएक्स्ट कंपनीत कार्ल श्टुर्म, वाल्टर झीडेल आणि रूडी वायर यांनी १९५९ च्या सुमारास फुरोसेमाइड तयार केलं. १९६४ पासून ते लॅसिक्स म्हणून विकलं जाऊ लागलं, १९६६ मध्ये अमेरिकेत पोचलं. परिणाम सहा तास टिकतो म्हणून इंग्रजी ‘लास्ट्स सिक्स’वरून हे नाव, असं सांगतात.

मूत्रपिंडात रक्त गाळलं गेलं की त्यातलं बहुतेक मीठ आणि पाणी शरीर परत ओढून घेतं. त्या नलिकेचा एक वळसा आहे, हेन्लेचा वळसा. तिथे गाळलेल्या मिठाचा जवळजवळ पाव हिस्सा परत जातो. फुरोसेमाइड तिथलंच दार लावतं. मीठ बाहेर, मिठामागे पाणी बाहेर. गोळी घेतल्यावर तासाभरात काम सुरू होतं. म्हणून ती सकाळी घ्यायची, आणि एसटीचा प्रवास असेल त्या दिवशी पोचल्यावर. मिठाबरोबर पोटॅशियमही जातं, पायात गोळे येतात. म्हणून डॉक्टर शहाळं सांगतात, किंवा सोबत पोटॅशियमचं पातळ औषध लिहितात. त्याची चव तोंड वाकडं करायला लावते, आणि बाटली अर्ध्यावर टाकून लोक गोळी तेवढी चालू ठेवतात. ही रोजची तक्रार.

पित्ताचं प्रकरण वेगळं. विल्यम प्राउटने १८२३ मध्ये जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं हे दाखवलं. त्यानंतर दीडशे वर्षं वैद्यक त्या आम्लाला बाहेरून विझवत राहिलं. शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ मध्ये दर तासाला दूध-साय आणि मधून मधून अल्कली, असा आहार सांगितला. पुढची कित्येक वर्षं अल्सरचे रोगी दूध पीत पडून राहिले. नाहीतर शस्त्रक्रिया. अण्णांच्या वेळी काउंटरच्या आत, पडद्यामागे, मिक्श्चर बनायचं : सोडा, मॅग्नेशियम, थोडं पेपरमिंट, उरलेलं पाणी. बाटलीच्या अंगावर कागदाची पट्टी चिकटवायची, तिला कात्रीने समान अंतरावर खाचा पाडलेल्या. एक खाच म्हणजे एक डोस. अण्णा पट्टीवर मराठीत लिहीत : ‘पित्ताचे, जेवणानंतर, बाटली हलवून’. औषधात काय आहे ते फारसं कोणाला कळत नसे, पण ते कशाला आहे हे आंधळ्या आजीलाही नातवाकडून वाचून घेता येई.

आम्ल बनतानाच थांबवण्याचं काम जेम्स ब्लॅक यांनी केलं. इंग्लंडमध्ये वेल्विनच्या प्रयोगशाळेत त्यांच्या गटाने सिमेटिडिन काढलं, ते १९७६ च्या नोव्हेंबरात बाजारात आलं आणि शस्त्रक्रियेच्या यादीतून अल्सर हळूहळू वजा होऊ लागला. मग रॅनिटिडिन, आपल्याकडे ग्लॅक्सोचं झिनेटॅक आणि मुंबईच्या जे. बी. केमिकल्सचं रॅनटॅक. रॅनटॅक हे नाव इतकं घरचं झालं की लोक किराणा दुकानात मागायचे.

ओमेप्रॅझोलची गोष्ट मला जास्त रंजक वाटते, कारण ते औषध जठरात जाऊन जठरालाच शरण जातं. ॲस्ट्राची हेस्ले ही कंपनी, गोथेनबर्गला लागून असलेल्या मोल्नडालमध्ये. तिथे जठराच्या आम्लावरचं काम १९६७ पासून चालू होतं. सत्तरच्या दशकात जॉर्ज सॅक्स यांच्यासारख्या संशोधकांनी जठराच्या पेशीतला तो पंप शोधला, जो पोटॅशियम आत घेतो आणि आम्लाचा हायड्रोजन बाहेर ढकलतो. ओमेप्रॅझोल रक्तातून त्या पेशीपर्यंत पोचतं, तिथल्या कडक आम्लात त्याचं रूप बदलतं, आणि बदललेल्या रूपात ते पंपाला असं चिकटतं की सुटत नाही. पेशी नवा पंप बनवील तेव्हाच आम्ल पुन्हा सुरू. अडचण एवढीच की तोंडाने घेतलं तर ते वाटेत, जठराच्या पोकळीतच, आम्लाने खराब व्हायचं. म्हणून कॅप्सूलमध्ये बारीक दाणे, आणि प्रत्येक दाण्यावर जठरात न विरघळणारं आवरण. आमच्याकडे काही जण कॅप्सूल फोडून दाणे चावतात किंवा कुटून दुधात घालतात. मग म्हणतात गुण येत नाही.

१९८४ मध्ये उंदरांना आयुष्यभर मोठे डोस दिल्यावर जठरात गाठी दिसल्या आणि माणसांवरच्या चाचण्या थांबल्या. आम्ल पूर्ण बंद झाल्यामुळे वाढलेल्या गॅस्ट्रिन संप्रेरकाचा तो परिणाम, हे कळल्यावर काम पुन्हा सुरू झालं. १९८८ मध्ये लोसेक बाजारात आलं. कमी स्राव, लो सिक्रिशन, त्याचं लोसेक. ज्या मर्कने तीस वर्षांपूर्वी लघवी वाढवणारं डाययुरिल विकलं, तीच आता अमेरिकेत हे विकायला निघाली होती.

या दोन औषधांची नाती त्याहून जुनी आहेत. मघाशी आलेलं कार्बोनिक ॲनहायड्रेज हे एंझाइम मूत्रपिंडात आहे तसंच जठराच्या आम्ल बनवणाऱ्या पेशीतही आहे. ते होरेस डेव्हनपोर्ट यांनी १९३९ मध्ये दाखवलं, आणि मूत्रपिंडातलं त्यानंतर दोन वर्षांनी. आम्ल बनतं ते याच एंझाइममुळे असं त्यांनी आधी मांडलं. पुढे स्वतःच्याच प्रयोगांनी ते डळमळलं, तेव्हा १९४६ मध्ये त्यांनी त्या सिद्धांताचा मृत्युलेख लिहिला, अगदी तसंच शीर्षक देऊन. गंमत अशी की सिद्धांत पूर्ण मेला नव्हता. मोठ्या डोसमध्ये डायमॉक्स दिलं की जठराचं आम्लही कमी होतं, हे नंतर दिसलं. म्हणजे पाण्याची गोळी आणि पित्ताची गोळी एका एंझाइमच्या दारात कधीकाळी एकत्र उभ्या होत्या. पुढे दोघींच्या वाटा वेगळ्या करायला केवढी माणसं आणि केवढी वर्षं लागली. आणि मग एका बॉलपेनच्या फराट्याने त्या पुन्हा एक झाल्या.

फराटा कसा, ते सांगते. इंग्रजी अक्षरांत लिहा. दोन्ही नावं ‘एल’ने सुरू. मधे ‘एस’. मधले स्वर लिहिणाऱ्याच्या हातात सपाट होतात, ‘ए’ आणि ‘ओ’ दोन्ही एक गोल. शेवटी एकात ‘इसी’, दुसऱ्यात ‘आयएक्स’. घाईत दोन्हीचं शेपूट. पुढे आकडा : लोसेक २० मिलिग्रॅम. लॅसिक्सही २० मध्ये मिळते. पुढे रोज एकदा, सकाळी. तेही दोन्हीला लागू. एक गोळी, दुसरी कॅप्सूल, पण ते लिहिलेलं असेलच असं नाही. काउंटरवरचा माणूस अडखळून थांबेल असा एकही खडा वाटेत उरलेला नाही. चिठ्ठीवर ‘सूज’ किंवा ‘अल्सर’ एवढा एक शब्द असता, तर फार्मसीतली कालची पोरगीही थांबली असती.

या चुकीच्या दोन दिशांपैकी एक जास्त वाईट आहे. पित्ताच्या माणसाला लॅसिक्स गेली तर तहान, अशक्तपणा, पायात गोळे. पण लघवीला सारखं जावं लागतंय हे त्याला त्याच दिवशी कळतं आणि तो परत येऊन विचारतो. हृदयाच्या माणसाला लोसेक गेलं तर काहीच होत नाही, आणि तोच धोका. पोट शांत असतं. पाणी फुप्फुसात गुपचूप चढत राहतं.

कंपनीने नाव बदललं, ठीक केलं. पण मलमपट्टीच ती. प्रायलोसेकची पुढे प्रोझॅकशी गल्लत झाल्याच्या नोंदी आहेत. प्रोझॅक मनाच्या आजारावरचं, तेही २० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये. नाव बदलून एका शेजाऱ्यापासून सुटका होते आणि दुसरा शेजारी भेटतो. मूळ रासायनिक नावं लिहा म्हणावं, तर तिथेही हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन बसलेले आहेत. २००१ पासून अमेरिकेत अशा जोड्यांतला वेगळा भाग मोठ्या अक्षरांत छापायला सांगायला लागले. छापील लेबलाला ते उपयोगी. हस्ताक्षराला कोण सांगणार.

आमच्या काउंटरवर लोसेक हे नाव कधी आलंच नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे तर फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट दिलं जाई, म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच डॉ. रेड्डीजचं ओमेझ, सिप्लाचं लोमॅक अशी देशी ओमेप्रॅझोलं आली, आणि स्वस्त आली. या कायद्याचे आपल्या लोकांवर उपकार आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याची दुसरी बाजू मात्र आमच्या रॅकवर दिसते : एकाच औषधाची शेकडो नावं, आणि एमआर दर महिन्याला नवं घेऊन येतो. लोमॅक आणि लॅसिक्स, दोन्ही ‘एल’च्या खणात. मी लोमॅक तिथून काढून पित्ताच्या औषधांच्या फळीवर ठेवलं. अकारविल्हे लावण्यात दुकान शिस्तीचं दिसतं. माल कामाप्रमाणे लावला तर माणसं वाचतात.

अण्णा तेव्हा थकले होते, पण दुकानात येऊन बसायचे. मी खण बदलले तेव्हा म्हणाले, “स्टॉक मोजताना तुला त्रास होईल.” झाला. चालू दे म्हटलं.

आपल्याकडे हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो २००१ मध्ये. एकाच कॅडिला घराण्यातून फुटलेल्या दोन कंपन्या. एकीचं फाल्सिगो, दुसरीचं फाल्सिटॅब. दोन्ही मलेरियावरची, पण आतली औषधं वेगळी. साबण-तेलाच्या नावात साधर्म्य असेल तर गिऱ्हाइकाचं नुकसान, औषधाच्या नावात असेल तर जिवाशी गाठ, म्हणून इथे कसोटी कडक हवी, असा त्या निकालाचा आशय. डॉक्टर आणि औषधविक्रेते जाणकार असले तरी तेही चुकू शकतात, हेही न्यायालयाने मानलं. २०१६ मध्ये डॉक्टरांच्या आचारनियमांत औषधाचं मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असं आलं. २०१९ मध्ये नवं ब्रँडनाव घेणाऱ्या कंपनीने असं मिळतंजुळतं नाव आधी बाजारात नाही, अशी हमी स्वतः द्यायची, असा नियम झाला. हमी स्वतःची स्वतःच. यावर जास्त बोलत नाही.

चिठ्ठीवर रोगाचं नाव लिहा, असं मी किती डॉक्टरांना सुचवलं. एकाने सांगितलं, रोग्याची खासगी बाब आहे. असेल. पण ‘सुजेसाठी’ लिहिल्याने कोणाची बेअब्रू होते हे मला समजलेलं नाही. तोवर मी पाकिटावर लिहिते, अण्णांसारखंच, फक्त मोडीऐवजी बाळबोधीत : ‘पाण्याची, सकाळी’, ‘पित्ताची, नाश्त्याआधी अर्धा तास’. लिहिण्याआधी विचारते, काय होतंय तुम्हाला. चिठ्ठीशी उत्तर जुळलं नाही तर फोन.

आता तर दोघी एकाच चिठ्ठीवर येतात. हृदयरोग्याला रक्त पातळ ठेवणारी गोळी, तिने पोट बिघडू नये म्हणून पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल, आणि सुजेसाठी लॅसिक्स. वर्षानुवर्षं. पित्ताची गोळी फार काळ चालली तर काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं, आणि सोबत पाण्याची गोळी असेल तर जास्त लक्ष द्यावं, असा इशारा अमेरिकेच्या प्रशासनाने २०११ मध्ये दिला. मॅग्नेशियम उतरलं की ठोके चुकतात. अशी चिठ्ठी आली की मी तिच्या मागे पेन्सिलीने लिहिते : ‘मॅग्नेशियम कधी तपासले?’ आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा म्हणते. काही डॉक्टर फोन करून बोलतात. काहींना राग येतो, तरी तपासणी लिहून देतात.